पटर बदलला, म्हणून जिंकला?

जून २०२५. अमेरिकेतलं ओकमाँट गोल्फ मैदान, यूएस ओपनची शेवटची फेरी आणि शेवटचं, अठरावं होल. जे. जे. स्पॉनचा चेंडू होलपासून ६४ फुटांवर. पाऊस पडून गेलेला, गवत ओलं. स्पॉन पटर हलकेच फिरवतो, चेंडू वळण घेत घेत जातो आणि थेट होलमध्ये पडतो! आयुष्यातली पहिली मेजर स्पर्धा जिंकल्याच्या आनंदात तो पटर हवेत भिरकावतो. गोल्फमधलं ओ की ठो कळत नसलेल्यांनीही ही रील पाहिली असेल.

आता गंमत बघा. त्या क्षणी स्पॉनला तो पट एका फटक्यात टाकायची गरजच नव्हती. तो एका फटक्याने पुढे होता. दोन फटक्यांत चेंडू होलमध्ये गेला असता तरी ट्रॉफी त्याचीच होती. पण लोकांच्या लक्षात काय राहिलं? तो लांबलचक पट आणि त्याच्या हातातला विचित्र आकाराचा पटर. एल.ए.बी. गोल्फ या अमेरिकन कंपनीचा, ‘झीरो टॉर्क’ म्हणून ओळखला जाणारा, किंमत चारशे डॉलरच्या पुढे. आज ओडिसीसारख्या बड्या कंपन्याही याच प्रकारचे पटर विकतायत. प्रत्येक रिव्ह्यूमध्ये एकच सूर: हा घ्या, पटिंग सुधारेल.

खरंच सुधारेल? तुम्ही गोल्फ खेळत असाल तर हा प्रश्न तुमच्या, किंवा खरं सांगायचं तर आईबाबांच्या, खिशाचा आहे. खेळत नसाल तरी वाचा. कारण बॅडमिंटनची रॅकेट असो, क्रिकेटची बॅट असो की धावायचे महागडे शूज, आपण सगळे याच जाळ्यात अडकतो.

एक अंशाची गोष्ट

आधी पटर काय करतो ते समजून घेऊ. गोल्फमध्ये तुम्ही बॅगेत जास्तीत जास्त १४ क्लब ठेवू शकता. त्यातला चेंडू हवेत न उडवता हिरवळीवरून होलपर्यंत घरंगळत नेणारा तो पटर. बॅगेतला सर्वात जास्त वेळा वापरला जाणारा क्लबही तोच. अमेरिकेतले व्यावसायिक खेळाडू एका फेरीत साधारण २९ पट मारतात, म्हणजे एकूण फटक्यांपैकी चाळीस टक्क्यांच्या आसपास.

होलचा व्यास सव्वाचार इंच. समजा, तुम्ही दहा फुटांवर, सपाट गवतावर उभे आहात. चेंडूला स्पर्श होताना पटरचा फेस फक्त एका अंशाने तिरका झाला आणि चेंडू त्याच दिशेने निघाला, तर होलपाशी पोहोचेपर्यंत तो मध्यापासून दोन इंचांहून थोडा जास्त सरकलेला असतो. म्हणजे बरोबर होलच्या कडेवर. दहावीची ट्रिगनॉमेट्री आठवा, उत्तर तेच येईल. ६४ फुटांवर तीच एक अंशाची चूक चेंडूला फुटापेक्षा जास्त बाजूला नेते.

पटर बनवणाऱ्यांचं सगळं डोकं या एका अंशासाठी चालतं. जनरल इलेक्ट्रिकमध्ये इंजिनिअर असलेल्या कार्स्टन सोल्हाइम यांनी १९५९ मध्ये पहिला ‘पिंग’ पटर बनवला. चेंडू लागला की टिंग असा आवाज यायचा, त्यावरून हे नाव. त्यांची युक्ती साधी होती. पटरच्या डोक्याचं वजन मधून काढून दोन्ही टोकांना न्यायचं. त्यामुळे चेंडू फेसच्या मध्यावर नाही लागला तरी डोकं कमी वळतं. फिजिक्सच्या भाषेत, मोमेंट ऑफ इनर्शिया वाढवायचा. १९६६ चा त्यांचा ‘अँसर’ पटर तर इतका चालला की त्याच आराखड्याचे पटर आजही सगळ्या कंपन्या बनवतात.

झीरो टॉर्क हा त्याच्या पुढचा टप्पा. नेहमीचा पटर घ्या आणि दांडा बोटावर आडवा तोलून बघा. काहींचं टोक जमिनीकडे झुकतं, काहींचा फेस आकाशाकडे बघत राहतो. म्हणजे डोक्याच्या वजनाला स्वतःचा एक कल असतो आणि स्ट्रोक मारताना हातांना तो सांभाळावा लागतो. झीरो टॉर्कमध्ये दांड्याची रेषा आणि डोक्याचा गुरुत्वमध्य अशा पद्धतीने जुळवलेले असतात की फेसला स्वतःहून उघडायची किंवा बंद व्हायची ओढ जवळपास राहत नाही. कल्पना पक्की आहे, यात फसवाफसवी नाही. पण ज्याचे हात तो कल वर्षानुवर्षं सांभाळायला सरावलेत, त्याला तो काढून घेतल्यावर फायदा होईलच असं कुणी सांगावं?

श्रेय कुणाला द्यायचं?

जाहिरातीत एक गोष्ट सांगितलेली नसते. त्याच ओकमाँटवर, त्याच रविवारी, अॅडम स्कॉटही जेतेपदाच्या शर्यतीत होता. सकाळी तो आणि स्पॉन बरोबरीत होते, पहिल्या क्रमांकापेक्षा एका फटक्याने मागे. स्कॉटच्या हातातही एल.ए.बी.चाच पटर होता. त्याने ७९ फटके घेतले, स्पॉनने ७२. पटर एकाच कंपनीचे, एकाच तत्त्वावर बनवलेले. निकाल मात्र दोन टोकांचे. रील फक्त एकाची बनली.

दुसरं उदाहरण स्कॉटी शेफलरचं. २०२३ मध्ये तो बाकी सगळ्यात अव्वल होता, पण पटिंगमध्ये पार तळाकडे. फेब्रुवारी २०२४ मध्ये रोरी मॅक्इलरॉय टीव्हीवर म्हणाला, शेफलरने मॅलेट, म्हणजे मोठ्या डोक्याचा पटर वापरून बघावा. मार्चमध्ये शेफलरने तसा पटर घेतला आणि लगेच अर्नोल्ड पामर स्पर्धा पाच फटक्यांनी जिंकली. मग प्लेअर्स, मास्टर्स, पॅरिस ऑलिंपिकचं सुवर्ण. किती सरळ गोष्ट, नाही?

तितकी सरळ नाहीये. त्याआधी काही महिने त्याने फिल केनियन या पटिंग कोचबरोबर काम सुरू केलं होतं. मग श्रेय कोचचं की पटरचं? शिवाय, जो आपल्या नेहमीच्या पातळीपेक्षा खूप वाईट पटिंग करतोय, तो काहीही न बदलता पुढे थोडा सुधारण्याचीच शक्यता जास्त असते. स्टॅटिस्टिक्सचे विद्यार्थी याला ‘रिग्रेशन टू द मीन’ म्हणतात. आपण नवीन वस्तू कधी घेतो? फॉर्म गेलेला असतो तेव्हाच! फॉर्म परत येतो आणि टाळ्या वस्तूला मिळतात.

आणखी एक आकडा लक्षात ठेवा. कोलंबिया विद्यापीठाच्या बिझनेस स्कूलमधले प्राध्यापक मार्क ब्रॉडी यांनी व्यावसायिक खेळाडूंच्या लाखो फटक्यांचा हिशेब मांडला. अव्वल खेळाडू इतरांपेक्षा जे फटके वाचवतात, त्यात पटिंगचा वाटा साधारण १५ टक्के निघाला. बाकीचं काम हिरवळीवर पोहोचण्याआधीच झालेलं असतं. याच हिशेबानुसार, व्यावसायिक खेळाडूसुद्धा आठ फुटांवरून निम्मे पट चुकवतात. त्यामुळे तुमचा आठ फुटांचा पट चुकला, तर लगेच दुकानाकडे धावू नका.

अशी लाट पहिल्यांदाच आलीय असंही नाही. १९०४ मध्ये अमेरिकेच्या वॉल्टर ट्रॅव्हिसने मधोमध दांडा असलेला ‘शेनेक्टडी’ पटर वापरून ब्रिटिश अॅमॅच्युअर स्पर्धा जिंकली. १९१० मध्ये ब्रिटिश नियामकांनी तसे पटर बंदच केले आणि ती बंदी सुमारे चाळीस वर्षं टिकली. २०११ मध्ये किगन ब्रॅडलीने पोटाला टेकवायच्या लांब पटरने पीजीए चॅम्पियनशिप जिंकली, मग सगळेच लांब पटर घेऊन फिरू लागले. २०१६ पासून पटर शरीराला टेकवून मारायला मनाई झाली. दर वेळी क्रम तोच: नवं साधन, एक विजेता, मग झुंबड.

मग निवडायचा कसा? स्वतः तपासा

म्हणजे सगळे पटर सारखेच का? अजिबात नाही. लांबी चुकीची असेल तर पाठ आणि नजर दोन्ही चुकीच्या जागी जातात. वजन, ग्रिपची जाडी, फेसवरची रेघ, सगळ्याने फरक पडतो. फक्त हा फरक तुमच्यापुरता असतो आणि तो तुम्हालाच शोधावा लागतो. त्यासाठी लागतात एक मित्र किंवा मैत्रीण, एक वही आणि दोन दिवस.

एक. आधी लांबी बघा. नेहमीसारखे उभे राहा, हात सैल सोडा. दोन डोळ्यांच्या मधून एक चेंडू खाली सोडा. तो जमिनीवरच्या चेंडूवर किंवा किंचित तुमच्या बाजूला पडला, तर नजर योग्य जागी आहे. फार लांब पडत असेल तर पटर बदलण्याआधी त्याची लांबी किंवा तुमचं उभं राहणं बदलून बघा.

दोन. फेसवर थोडी टाल्कम पावडर लावा आणि दहा पट मारा. चेंडूचे ठसे एका जागी आहेत की सगळीकडे पसरलेत? पसरले असतील तर चूक माफ करणारा, मोठ्या डोक्याचा पटर तुम्हाला उपयोगी पडू शकतो. एकाच जागी असतील तर त्यासाठी जास्त पैसे कशाला मोजायचे?

तीन. चाचणीत तुमचा जुना पटर हवाच. नव्याची तुलना आठवणीशी करू नका, समोरच्या जुन्याशी करा. पाच-पाच चेंडू आलटून पालटून मारा, आधी कोणता ते नाणं उडवून ठरवा. नाहीतर दुसऱ्या पटरला तुमच्या वॉर्म-अपचा फुकट फायदा मिळतो. आणि किमतीचं लेबल मित्राला आधी काढून ठेवायला सांगा!

चार. नुसतं ‘गेला’ किंवा ‘नाही गेला’ लिहू नका. चेंडू डावीकडे गेला की उजवीकडे, किती कमी पडला, किती पुढे गेला ते लिहा. पाच फुटांवरून दिशा कळते, तीस फुटांवरून अंतराचा अंदाज. कॉलेजच्या वयातले बरेच जण पाच फुटांचीच प्रॅक्टिस करतात आणि खऱ्या फेरीत तीस फुटांवरून तीन-तीन पट घेतात.

पाच. आकड्यांना घाई करू नका. वीस चेंडूंत जुन्याने नऊ टाकले, नव्याने बारा. फरक दिसतोय? एक नाणं वीस वेळा उडवा, मग पुन्हा वीस वेळा. दोन्हींतल्या छाप्यांच्या संख्येत तीन किंवा जास्त फरक दहापैकी चार वेळा तरी येतो. नाणं तेच असूनही! म्हणून प्रत्येक पटरने शंभरेक चेंडू मारा, दोन वेगळ्या दिवशी. तेव्हाही ४५ विरुद्ध ६० असंच चित्र राहिलं, तर मात्र नव्यात काहीतरी आहे.

सहा. चाचणी तुमच्याच मैदानावर करा. दुकानातल्या गालिच्यावर किंवा सिम्युलेटरमध्ये सगळेच पटर गोड वागतात. हिरवळ किती वेगवान आहे हे मोजायचं स्टिंपमीटर नावाचं साधन असतं. एडवर्ड स्टिंपसन यांना ते सुचलं १९३५ ची यूएस ओपन पाहून, आणि ती झाली होती याच ओकमाँटवर. तिथली हिरवळ काचेसारखी घसरडी. आपल्याकडे पावसाळ्यात चेंडू ढकलावा लागतो. तिथे जिंकलेलं वजन इथे जड की हलकं, हे तुमचे हातच सांगतील.

साधन कमी, हात तयार

भारतात गोल्फ अजूनही महाग आहे. मेंबरशिप, ग्रीन फी, आयात केलेले क्लब, सगळंच. म्हणून एस.एस.पी. चौरासियाची गोष्ट सांगायलाच हवी. वडील कोलकात्याच्या रॉयल कलकत्ता गोल्फ क्लबमध्ये हिरवळीची निगा राखायचे, मुलगा तिथेच कॅडी म्हणून लागला. हिरवळीच्या आसपासचा त्याचा खेळ इतका बहरला की दोस्तांनी नावच ठेवलं, ‘चिपपुटसिया’. २०१६ आणि २०१७, सलग दोन वर्षं त्याने इंडियन ओपन जिंकली. आणि अदिती अशोक? टोकियो ऑलिंपिकमध्ये तिचे लांब फटके बाकीच्या मुलींपेक्षा कितीतरी मागे पडत होते. तरी ती चौथी आली, पदक एका फटक्याने हुकलं. तिला शेवटपर्यंत शर्यतीत ठेवलं ते मुख्यतः पटिंगने.

याचा अर्थ नवा पटर घेऊच नका असा नाही. वहीतले आकडे दोन्ही दिवस नव्याच्या बाजूने असतील तर जरूर घ्या, सेकंड हँड चांगला मिळाला तर आणखी उत्तम. पण आकडे सारखेच असतील तर ते तीस-चाळीस हजार वाचवा. तेवढ्यात कोचचे काही तास, प्रॅक्टिस ग्रीनवरच्या कितीतरी संध्याकाळी आणि वर चहा-वडापावही निघेल. आणि पुढच्या वेळी कुणी नवीन रॅकेट दाखवत ‘भावा, गेमच बदलला’ म्हणालं, की शांतपणे विचारा, ‘जुन्या रॅकेटने परत खेळून बघितलंस का?’