‘सैराट २’ कशाला?

कॉलेजच्या कट्ट्यावर ‘सैराट’चा विषय निघाला की गाडी हमखास एकाच स्टेशनवर येऊन थांबते. दुसरा भाग कधी? आणि मग कुणीतरी स्टोरी सांगायला सुरुवात करतोच. तो लहानगा मोठा होतो. सुमनअक्का त्याला वाढवते. विशीत आल्यावर त्याला कळतं की आपल्या आईबापाला कुणी मारलं. तो बिटरगावात उतरतो, समोर प्रिन्स. इंटरव्हल! ऐकणारे टाळ्या देतात, अर्चीच्या भूमिकेत फ्लॅशबॅकला रिंकू हवीच असं एकमतानं ठरतं, आणि चहाचे पैसे कुणी द्यायचे यावर चर्चा संपते.

गोष्ट वाईट नाही. उद्या खरंच आली तर पहिल्या दिवशी पहिल्या शोला गर्दी होईल, त्या गर्दीत आम्हीही असू. पण नागराज मंजुळेंनी ही गोष्ट करू नये, असं आमचं सरळ मत आहे. ‘क्लासिकला हात लावू नये’ वगैरे सोवळेपणा यात नाही. कारण त्या सिनेमाच्या शेवटातच आहे.

२९ एप्रिल २०१६ ला ‘सैराट’ आला तेव्हा तुमच्यातले बरेच जण प्राथमिक शाळेत असतील. अनेकांनी तो आधी गाण्यांतून पाहिला, लग्नाच्या वरातीत ‘झिंगाट’वर नाचून पाहिला, आणि शेवट खूप नंतर, मोबाइलवर. आता एकदा परत बघा, पण आवाजाकडे लक्ष देऊन. गाणी सगळी पूर्वार्धात आहेत. विहीर, बुलेट, ट्रॅक्टर, ऊस, आणि त्यामागे अजय-अतुलनी अमेरिकेत जाऊन रेकॉर्ड केलेला अख्खा सिम्फनी ऑर्केस्ट्रा. पळून हैदराबादला पोचल्यावर मात्र डोशाची गाडी, फॅक्टरी, झोपडपट्टीतली खोली, भांडण, संशय असं साधं, रोजचं जगणं सुरू होतं. आणि शेवटी तर काहीच वाजत नाही. माहेरची माणसं येतात, चहा होतो. शेजारीण लेकराला घेऊन परत येते. लेकरू आत जातं, रडत बाहेर येतं, आणि फरशीवर लाल पावलं उमटतात. रडणंही ऐकू येत नाही. मराठी सिनेमातला सगळ्यात मोठा वाद्यवृंद ज्याच्या वाट्याला आला, तो सिनेमा पूर्ण मुका होऊन संपतो. थिएटरात त्या वेळी पॉपकॉर्न चघळायचीही कुणाची हिंमत होत नव्हती.

दुसरा भाग काढायचा म्हणजे पहिलं काम काय? या शांततेत आवाज भरायचा. त्या पोराला डायलॉग द्यायचा. आणि सूड घ्यायला लावायचा, कारण व्यावसायिक सिनेमात अशा पोराला दुसरं काम तरी काय देणार? तिथेच घोळ होतो. प्रिन्स हा व्हिलन झाला की व्हिलन मेल्यावर सिनेमा सुटतो आणि आपणही सुटतो. पण ‘सैराट’मध्ये प्रिन्सची ताकद एकट्या प्रिन्सची नव्हतीच. भर वर्गात तो प्राध्यापकाच्या कानाखाली वाजवतो आणि कुणी हूं की चूं करत नाही, तेव्हा अख्खं गाव त्याच्या पाठीशी उभं असतं. त्यात नुसतं घाबरून गप्प बसलेलं गावही आलं. एक प्रिन्स मारून ते गाव कसं मरेल?

हे उगाच जड करून बोलत नाही. ‘सैराट’च्या बरोबर दोन वर्षं आणि एक दिवस आधी, २८ एप्रिल २०१४ ला, नगर जिल्ह्यातल्या खर्डा गावात सतरा वर्षांच्या एका दलित विद्यार्थ्याला मारून टाकलं गेलं. दुसऱ्या जातीच्या मुलीशी बोलतो, हा संशय. खटला उभा राहिला, एकामागून एक साक्षीदार फितूर झाले, आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये सगळे आरोपी निर्दोष सुटले. या गोष्टीला सूडाचा दुसरा भाग नाही. साक्षीदार कोर्टात उभा राहून ‘मी काही पाहिलं नाही’ म्हणतो, तो सीन कट्ट्यावरच्या कुठल्याच ‘सैराट २’मध्ये नसतो. टाळ्या पडत नाहीत ना त्याला.

आता कुणी म्हणेल, मग काय, सिक्वेलच काढू नयेत? छे. बघायला मजा येते म्हणून काढलेले सिक्वेल मजेत बघावेत. ‘झपाटलेला’मधला तात्या विंचू वीस वर्षांनी थ्रीडीत परत आला, ‘नवरा माझा नवसाचा’ची मंडळीही वीस वर्षांनी पुन्हा कोकणाच्या वाटेला लागली, ‘टाइमपास’ आणि ‘मुंबई-पुणे-मुंबई’ तर तीन-तीन भाग चालले. कुणाचं काही बिघडलं नाही.

आणि गंभीर सिनेमाचाही दुसरा भाग होऊ शकतो. उदाहरण लांब शोधायला नको, ‘सैराट’च्याच कॅमेऱ्यामागे आहे. सुधाकर रेड्डी यक्कंटी यांनी २०१८ मध्ये ‘नाळ’ केला, निर्माते नागराजच. आपण जिला आई म्हणतो तिनं आपल्याला जन्म दिलेला नाही, हे चैत्याला कळतं. जन्मदात्री भेटते, पण ती भेट अर्धीच राहते. म्हणजे पुढं जायला रस्ता होता. पाच वर्षांनी, २०२३ मध्ये, ‘नाळ भाग २’ आला तेव्हा चैत्या खरोखरच तेवढा मोठा झालेला होता. तो त्या दुसऱ्या गावात जातो आणि तिथं चिमी नावाची सख्खी बहीण त्याला जवळही येऊ देत नाही. पहिल्या भागाची कॉपी नाही, पहिल्या भागानं विचारलेला पुढचा प्रश्न आहे. राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला, पण तो नसता मिळाला तरी सिक्वेल असाच असावा.

अजून मागं जायचं तर सत्यजित राय. ‘पथेर पांचाली’च्या शेवटी अपूचं कुटुंब बैलगाडीत सामान टाकून गाव सोडतं. गाडी कुठंतरी निघालेली आहे. शिवाय रायबाबूंच्या हाताशी विभूतिभूषणांचं लेखन होतं, अपूचं पुढचं आयुष्य त्यात लिहिलेलं होतं. १९५६ च्या ‘अपराजितो’ला घरच्या प्रेक्षकांनी फारसं विचारलं नाही. दुसऱ्या वर्षी व्हेनिसला त्यालाच गोल्डन लायन मिळाला, आणि १९५९ मध्ये ‘अपूर संसार’ आला. तिथं बैलगाडी होती. ‘सैराट’मध्ये पुढं जायला कोण उरलंय? बोलताही न येणारं एक लेकरू.

हिंदीवाल्यांनी तर हा प्रश्न आधीच सोडवून टाकला. २०१८ च्या ‘धडक’मध्ये नायकासोबत ते बाळच मारलं आणि नायिकेला जिवंत ठेवलं. पावलं गेली, जातही बरीचशी पातळ झाली. पुढं २०२५ मध्ये ‘धडक २’ आला, तो ‘धडक’चा पुढचा भाग नव्हताच. मारी सेल्वराज यांच्या ‘परियेरुम पेरुमाळ’ या तमिळ सिनेमाचा तो रीमेक. सिनेमा पाहण्यासारखा, जातीबद्दल आधीच्यापेक्षा कितीतरी स्पष्ट बोलणारा. पण नाव मात्र उसनं. ‘२’ हा आकडा हल्ली गोष्टीचा राहिलेला नाही, दुकानाच्या पाटीचा झालाय.

एक मुद्दा मात्र आम्हालाही अडवतो. ‘सैराट’नं शंभर कोटींचा आकडा बघितला, आधी कधी मराठी सिनेमाला न गेलेली माणसं ट्रॅक्टर-टेम्पो भरून तालुक्याच्या थिएटरात आली. जातीबद्दलचं एवढं कडू औषध एवढ्या लोकांनी एका वेळी घेतलं, असं परत कधी होणार? ‘२’ लावल्यानं तेवढी गर्दी पुन्हा जमत असेल, तर का नको? मुद्दा वजनदार आहे. पण आठवून बघा, त्या गर्दीनं काय घरी नेलं. वरातीत ‘झिंगाट’ नेलं, शेवट तिथंच खुर्चीखाली ठेवून आली. आणि जातीबाहेरच्या प्रेमातून कुठं खून झाला की ‘सैराटची पुनरावृत्ती’ असा मथळा तयार असतो. खऱ्या माणसाच्या खुनाला सिनेमाचं नाव. पडद्यावर ‘सैराट २’ आला तर त्या मथळ्याला नुसता नवा आकडा मिळेल.

खरं म्हणजे नागराज सिक्वेल काढतातच, फक्त ‘२’ लिहीत नाहीत. ‘फँड्री’तला जब्या शालूकडे लांबून बघत राहतो, तिच्याशी बोलण्याइतकंही त्याच्या नशिबी येत नाही. शेवटी तो दगड भिरकावतो, तो थेट आपल्यावर. दोन वर्षांनी ‘सैराट’मध्ये त्याच नजरेला समोरून नजर मिळते, आणि ती मिळवणारी पोरगी त्याच्यापेक्षा दहापट धीट असते. बोलता आलं, प्रेमही करता आलं, मग काय होतं? हाच ‘फँड्री’चा पुढचा भाग. २०२२ च्या ‘झुंड’मध्ये तर रिंकू राजगुरू आणि आकाश ठोसर दोघंही आहेत, पण जोडी म्हणून नाही. तो वस्तीतल्या पोरांना नडणारा दादा, आणि ती पासपोर्टसाठी बापासोबत कागदपत्रं गोळा करत फिरणारी आदिवासी मुलगी. अर्ची-परश्याला परत एकत्र आणून पैसे छापायची संधी हातात असताना असं करणाऱ्या माणसाकडे आपण ‘सैराट २’ मागतोय. मागताना थोडं तरी कसंसं वाटायला हवं की नाही?

गोष्टी संपल्यात असं नाही. एक तर अगदी कायद्यातच लिहून ठेवलीय. १९५४ च्या विशेष विवाह कायद्यानं लग्न करायचं तर आधी नोटीस द्यावी लागते. ती विवाह अधिकाऱ्याच्या कार्यालयात, सगळ्यांना दिसेल अशी, लावली जाते आणि तीस दिवस थांबावं लागतं. मुलाचं किंवा मुलीचं कायमचं गाव दुसऱ्या जिल्ह्यात असेल, तर एक प्रत तिथल्या कार्यालयातही लागते. म्हणजे ज्यांच्यापासून लपायचं, त्यांच्याच तालुक्या-जिल्ह्यात नाव-पत्ता भिंतीवर. सर्वोच्च न्यायालयानं मार्च २०१८ मध्ये ‘शक्ती वाहिनी’ खटल्यात राज्यांना सांगितलं की अशा जोडप्यांसाठी सुरक्षित निवारा हवा, जिल्ह्याजिल्ह्यात विशेष कक्ष हवा, चोवीस तासांची हेल्पलाइन हवी. आता कल्पना करा: दोघं जण, एक खोली, तीस दिवस, आणि दारावरची प्रत्येक टकटक. यात प्रिन्स दिसायचीही गरज नाही. भीती कमी होणार नाही.

हा सिनेमा ‘सैराट २’ नाही, त्याला स्वतःचं नाव लागेल. आणि तो नागराज मंजुळेंनीच करावा असंही नाही. ‘पिस्तुल्या’ ही त्यांची पहिली शॉर्टफिल्म. शाळेत जायला न मिळणाऱ्या एका पोराची गोष्ट, राष्ट्रीय पुरस्कार मिळवणारी. ती केली तेव्हा ते नगरच्या एका कॉलेजात शिकत होते, आणि ती त्यांच्या अभ्यासक्रमाचा प्रोजेक्ट होती.