पर्यावरणाचा धडा आणि झाडू धरणारे हात

जूनमध्ये शाळा उघडल्या की वृक्षारोपणाचे फोटो सुरू होतात. पाहुणे रोप धरतात, मुले टाळ्या वाजवतात. पावसाळा संपल्यावर त्या रोपाला पाणी कोण घालते, हे मात्र कोणी विचारत नाही.

शाळेत पर्यावरण शिकवणे ही कोणाची मेहेरबानी नाही. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये तसे निर्देश दिले आणि २००३ मध्ये पुन्हा बजावले. आपल्याकडे तिसरीपासून ‘परिसर अभ्यास’ हा विषय आहे. पण तो बऱ्याचदा प्रश्नोत्तरे पाठ करण्यापुरताच उरतो. महात्मा फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन दिले. प्राथमिक शाळेत शेती आणि आरोग्याचे प्राथमिक ज्ञान मिळावे, अशी मागणी त्यांनी त्यात केली होती. जगण्याला उपयोगी पडेल असे शिक्षण, ही पुण्यातली जुनी मागणी आहे.

लहान मुलांना हे शिकवायला मोठा खर्च लागत नाही. एका कुंडीत केळ्याची साल आणि बिस्किटाच्या पुड्याचे वेष्टन शेजारी शेजारी पुरा. दीड-दोन महिन्यांनी माती उकरा. साल मातीत मिसळून गेलेली दिसेल, वेष्टन जसेच्या तसे. दुसरीतल्या मुलाला ओला आणि सुका कचरा यांतला फरक आयुष्यभरासाठी कळतो.

पण खरा प्रश्न यापुढचा आहे. ते वेष्टन पुढे कोणाच्या हातात जाते?

पुण्यात याचे उत्तर सर्वांसमोर आहे. १९९३ मध्ये येथे ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ उभी राहिली. त्यातूनच पुढे ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था झाली आणि २००८ मध्ये तिने महापालिकेशी करार करून घरोघरचा कचरा गोळा करायला सुरुवात केली. या कामात बहुसंख्य दलित महिला आहेत. कचरा घरातच वेगळा करावा, सॅनिटरी पॅड नीट गुंडाळून द्यावे, असे २०१६ च्या घनकचरा नियमांनी सांगितले. तरीही फुटकी काच, डायपर आणि शिळे अन्न एकाच पिशवीत येते, आणि हात कापतो तो आपल्या आईचा, मावशीचा.

त्यांची मुलेही याच शहरातल्या शाळांत शिकतात. वर्गात ‘स्वच्छतेचे महत्त्व’ शिकवले जाते आणि मधल्या सुट्टीत ‘कचरावाली’ हा शब्द शिवीसारखा वापरला जातो. अशा वर्गात ते मूल पर्यावरण शिकत नाही, आईचे काम लपवायला शिकते. जात कामे वाटून थांबत नाही, ती काम करणाऱ्या माणसांनाच उच्च-नीच पायऱ्यांवर बसवते, हे बाबासाहेबांनी १९३६ मध्येच दाखवून दिले. शाळेच्या ‘उपक्रमा’त झाडू ठरावीक मुलांच्याच हाती आणि रोप लावताना फोटोत दुसरीच मुले असतील, तर तीच पायरी पुन्हा बांधली जाते.

म्हणून पालक आणि कार्यकर्ते म्हणून आपण शाळा व्यवस्थापन समितीत तीन गोष्टी मागायला हव्यात. सफाईची पाळी आडनाव न पाहता सर्वांना लागावी, त्यात शिक्षकही असावेत. कचरा वेगळा करण्याचा तास कचरावेचक ताईंनी घ्यावा, त्यांना मानधन द्यावे आणि मुलांनी त्यांना ‘मॅडम’ म्हणावे. लावलेल्या प्रत्येक रोपाची वर्षभराची जबाबदारी एका वर्गाकडे असावी.

शाळा हलेपर्यंत थांबायचेही कारण नाही. आपल्या विहारातल्या रविवारच्या बालवर्गात येत्या आठवड्यात एक कुंडी, एक केळ्याची साल आणि एक वेष्टन एवढ्यावर सुरुवात करता येईल. वस्तीतल्या कचरावेचक ताईंना त्या दिवशी शिकवायला बोलवा. त्यांचे मूल समोर बसलेले असेल. त्याची मान ताठ झाली, तर धडा नीट शिकवला गेला असे समजा.