कपाटातल्या फिती आणि आपली अनास्था

अंबडसारख्या तालुक्याच्या गावी अनेक कपाटांत, लग्नाच्या अल्बमशेजारी, जुन्या कॅमकॉर्डरच्या फिती धूळ खात पडलेल्या आढळतील. त्यांत विवाहसोहळे असतील, शाळेचे स्नेहसंमेलन असेल, मत्स्योदरी देवीची यात्राही असेल. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामी राजवटीचा शेवट ज्यांनी पाहिला, अशा कुणा आजोबांचे बोलणे नातवाने फितीवर टिपले असेल, तर तो आवाज आता अन्यत्र मिळावयाचा नाही.

फीत म्हणजे कायमची तिजोरी, ही समजूत निराधार आहे. तिच्यावरील चुंबकीय थर ज्या द्रव्याने धरून ठेवलेला असतो, ते दमटपणाने हळूहळू विघटित होते. ओलीने बुरशीही धरते. त्याहून मोठी अडचण यंत्राची आहे. जपानच्या फुनाई कंपनीने २०१६ साली व्हीसीआरचे उत्पादन थांबविले. फीत शाबूत, पण ती वाचणारे यंत्र नाही, अशी ही विपरीत अवस्था होय. २०२५च्या सुमारास संग्रहालयांतील फितीही वाचणे अशक्य होईल, असा इशारा युनेस्कोच्या सहकार्याने २०१९ मध्येच देण्यात आला होता. ती वेळ आता आली आहे.

खर्च कोणी करावयाचा, असा प्रश्न येथे विचारला जाईल. वस्तुतः पैशापेक्षा वेळ अधिक लागतो. एक तासाची फीत उतरवावयास एक तासच लागतो. व्हीएचएससाठी चालू स्थितीतील एक व्हीसीआर, संगणक आणि यूएसबी कॅप्चर नावाचे छोटे उपकरण पुरते. मिनी डीव्ही फितीवरील नोंद मुळातच डिजिटल असते. फायरवायर तारेने ती जशीच्या तशी संगणकात घेता येते आणि तासाला सुमारे १३ जीबी जागा व्यापते. ही जोडणी बहुधा जुन्या संगणकांतच सापडते. सबब शाळेने अडगळीतील संगणक भंगारात काढण्यापूर्वी तेवढे तपासावे.

ही सामग्री प्रत्येक घराने विकत घेणे हा अपव्यय ठरेल. ती गावात एक असली तरी पुरे. १९६७च्या ग्रंथालय कायद्याने सार्वजनिक वाचनालयांना अनुदानाचा आधार दिला. तेथे पुस्तके जपली जातात, मग गावाचा आवाज का जपू नये? वाचनालयाने यंत्र मिळवावे, विद्यार्थ्यांनी सुटीत पाळीपाळीने बसावे, फीत आणणाऱ्याने केवळ हार्ड डिस्कचा भार उचलावा. बुरशी धरलेली फीत मात्र यंत्रात घालू नये. ती जाणकाराकडे द्यावी. प्रत्येक नोंदीच्या दोन प्रती दोन जागी ठेवाव्यात आणि घरगुती चित्रण घरच्यांच्या संमतीवाचून कोणी पाहू नये.

सगळेच उतरविणे शक्य नसेल, तर ज्यांच्यात दिवंगतांचे बोलणे आहे, त्या फिती आधी घ्याव्यात. लग्नाची मिरवणूक थांबू शकेल; आजोबांच्या आवाजाला तेवढी उसंत नाही.