डावाच पाय का सुजतो?

गरोदरपणात किंवा बाळंतपणानंतर दोन्ही पावलांवर थोडी सूज येणे नेहमीचे असते. पण एकच पाय अचानक मांडीपर्यंत सुजला, जड पडला, दुखू लागला, तर 'पायात पाणी उतरले' म्हणून सोडून देऊ नये. शिरेत रक्ताची गुठळी झाल्याची शंका घ्यायला हवी. गरोदरपणात असा पाय बहुतेक वेळा डावाच असतो.

याचे कारण पायात नाही, ओटीपोटात आहे. डाव्या पायाचे रक्त वर नेणारी मोठी नीला उजव्या पायाला रक्त पुरवणाऱ्या रोहिणीच्या मागून जाते. मागे कणा, पुढे सतत उडणारी रोहिणी. मधली मऊ भिंतीची नीला चेपली जाते. डाव्या बाजूचे हे झुकते माप रुडॉल्फ विर्शो यांनी १८५१ मध्येच नोंदवले होते. पुढे १९५७ मध्ये मे आणि थर्नर यांनी ४३० मृतदेहांची तपासणी केली, तेव्हा २२ टक्क्यांमध्ये या जागी नीलेच्या आत जाड पट्टे तयार झालेले आढळले.

म्हणजे ही ठेवण दुर्मीळ नाही. अनेकांना तिचा आयुष्यभर त्रासही होत नाही. म्हणूनच दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या सीटी स्कॅनमध्ये नीला दबलेली दिसली, एवढ्यावरून स्टेंट घालायची घाई करणे चुकीचे आहे. त्रास सुरू होतो तो बहुधा दुसरे काहीतरी जोडीला आल्यावर: गरोदरपण, मोठी शस्त्रक्रिया, गर्भनिरोधक गोळ्या, दीर्घकाळ अंथरुणावर पडून राहणे.

घोटाळा होतो तो तपासणीत. पायाच्या डॉपलर सोनोग्राफीत जांघेपर्यंतच्या शिरा चांगल्या दिसतात. त्याच्या वर आतड्यातला वायू आणि वाढलेले गर्भाशय आड येते. अहवालात 'नॉर्मल' असते, पाय मात्र सुजलेलाच. अशा वेळी ओटीपोटातल्या नीला पाहिल्या गेल्या का, हे अहवालात स्पष्ट लिहिलेले असावे. नसेल तर नातेवाइकांनी बेलाशक विचारावे. गरज पडल्यास गरोदर स्त्रीसाठी एमआरआयचा पर्याय आहे. शिरांची वेगळी ठेवण दिसली तर तीही नोंदवायला हवी. एखाद्याला खालची महानीला एकाऐवजी दोन असतात. गुठळी अडवणारी जाळी एकीतच बसवली, तर दुसरी वाट उघडी राहते. कण्याची पुढून शस्त्रक्रिया करताना अनपेक्षित जागी असलेली शीर फाटली, तर रक्तस्राव आवरता आवरत नाही.

गुठळीवर मुख्य उपचार रक्त पातळ ठेवणाऱ्या औषधांचा. गरोदरपणात त्यासाठी हेपारीन प्रकारची इंजेक्शने देतात, ती बाळापर्यंत पोचत नाहीत. घरी मात्र सुजलेला पाय तेल लावून चोळला जातो, शेकला जातो. तो चोळू नये. गुठळी सुटून फुप्फुसात अडकली तर जिवावर बेतते. अशा रुग्णाला एकाएकी धाप लागली, छातीत दुखले किंवा भोवळ आली, तर सकाळची वाट न पाहता १०८ ला फोन करावा.