बर्फाखालची कळी

ग्रीनलंडचे नाव आता घरोघरी पोहोचले आहे. डेन्मार्कच्या राज्यातला हा स्वायत्त प्रदेश अमेरिकेकडे यावा, असे डोनाल्ड ट्रम्प यांनी २०१९ मध्ये आणि पुन्हा २०२५ मध्ये उघड सांगितले. खनिजे, जलमार्ग, लष्करी तळ यांवर रकानेच्या रकाने भरले. मला मात्र तिथल्या एका रानफुलाविषयी बोलायचे आहे.

ड्रायस त्याचे नाव. पांढऱ्या, बहुधा आठ पाकळ्या. झुडूप जमिनीला बिलगलेले. कळी आदल्या उन्हाळ्यातच धरायची, आठ-नऊ महिने बर्फाखाली जपायची, जूनच्या सुमारास बर्फ वितळला की उमलायचे. फूल सूर्यामागे वळते, पाकळ्यांच्या वाटीत ऊब साठते. त्या उबेला माश्या येतात आणि परागीभवन होते. मग पिसांसारखे शेपूट असलेल्या बिया वाऱ्यावर सोडायच्या. सारा संसार दोन-अडीच महिन्यांचा!

ईशान्य ग्रीनलंडमधल्या झॅकेनबर्ग केंद्रात १९९६ पासून याची तारीखवार नोंद होते. फुले, किडे, पक्षी यांचे हंगाम दहा वर्षांत सरासरी साडेचौदा दिवस अलीकडे सरकले, असे २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. लवकर उमलले तर बिघडले कुठे, असे कोणीही विचारील. पण फुलण्याचा काळच आखूड झाला आणि फुलांवर येणारे किडेही घटले, हे २०१३ मध्ये उघड झाले. मी बँकेत नोकरी केली. मुदतीआधी ठेव मोडली की पैसे लवकर हाती येतात, पण व्याज बुडते. इथे तसेच घडले आहे. पुढे २०१८ मध्ये बर्फ इतका साचला आणि इतक्या उशिरा वितळला की त्या वर्षी बहुतेक वनस्पती आणि प्राण्यांची वीणच फसली. म्हणजे प्रश्न नुसत्या उष्म्याचा नाही, ऋतूंवरचा भरवसा उडण्याचा आहे.

एका वर्षाच्या पाहणीत हे दिसले नसते. वीस-पंचवीस वर्षांच्या खतावणीतच तोटा कळतो. स्वालबार्डमध्येही ड्रायस फुलतो. तिथे २००८ पासून भारताचे 'हिमाद्री' केंद्र आहे. गोव्यातली राष्ट्रीय ध्रुवीय संशोधन संस्था ते चालवते. डिसेंबर २०२३ मध्ये आपली पहिली हिवाळी मोहीमही तिथे गेली. अशा कामाला पैसा सलग लागतो. मध्येच हात आखडला तर पुसलेली वर्षे परत लिहिता येत नाहीत.

ग्रीनलंड कोणाचे, यावर राजधान्यांत खल चालू राहील. मालकीहक्काच्या या भांडणात मालमत्तेचा हिशेब मात्र कोणीतरी नियमाने लिहीत राहिले पाहिजे.