छापलेली कविता, न बनलेली चिप

आमचा दादा मायक्रोइलेक्ट्रॉनिक्स घेऊन एम.टेक. झाला. पेढे वाटून झाल्यावर मी सहज म्हटले, "दादा, तू केलेली चिप दाखव ना!" तो हसून म्हणाला, "ती कॉम्प्युटरवरच राहिली गं. बनवून घ्यायला पैसे कुठले?" दोन वर्षांच्या जागरणानंतर त्याच्या हाती आला तो फक्त बांधलेला प्रबंध. मला ते फार लागले. माझ्यासारखीची वेडीवाकडी कवितासुद्धा या वार्षिकांकात छापून येते. मग त्याच्याच कामाने का अडून राहावे?

अडचण खोटी नाही. सिलिकॉनवर आराखडा उमटविण्यासाठी जे मास्क लागतात, ते अतिशय महाग असतात. परंतु एका चकतीवर अनेकांचे आराखडे शेजारी शेजारी मावतात. अमेरिकेत एम.आय.टी.मध्ये 1978 साली लिन कॉनवे यांनी नेमके हेच केले. विद्यार्थ्यांचे आराखडे एकत्र करून त्यांनी ते बनवून घेतले आणि सत्र संपल्यावर सहा आठवड्यांत चिप्स तयार होऊन आल्या. पुढच्याच वर्षी 12 विद्यापीठांतील 124 जणांचे 82 आराखडे अशाच रीतीने एकत्र बनले. कार्व्हर मीड यांच्यासह त्यांनी या विषयाचे पाठ्यपुस्तकही लिहिले.

हा वार्षिकांकच नव्हे काय? एकट्याला पुस्तक काढणे परवडत नाही, म्हणून साऱ्यांचे लेखन एका अंकात आणि खर्च वाटून!

आपल्याकडेही मोहालीच्या सेमिकंडक्टर लॅबोरेटरीत विद्यार्थ्यांच्या चिप्स 180 नॅनोमीटर तंत्राने बनू लागल्या आहेत. हे तंत्र जुने झाले, असे कोणी म्हणेल. असेना! शिकणाऱ्याला ते पुरेसे आहे. चिप हाती येईपर्यंत पदवी संपते, असेही म्हणतात. मग आराखडा दुसऱ्या सत्रात करावा व चौथ्या सत्रात चिप तपासावी. स्वतःची चिप न तपासता या विषयाची पदव्युत्तर पदवी कोणालाच मिळू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

चिप चालली नाही तर? माझी पहिली कविता छापून आली तेव्हाच तिच्यातले दोष मला दिसले. वहीत असताना ती निर्दोष वाटत होती. दादाची चिप अजून वहीतच आहे.

— एक विद्यार्थिनी, तृतीय वर्ष कला