चौंडीच्या लेकीला बार्शी परकी का?

पुण्यश्लोक अहिल्यादेवींचा जन्म १७२५ साली जामखेड तालुक्यातील चौंडी येथे झाला. सोलापूर विद्यापीठ २०१९ पासून त्यांचे नाव अभिमानाने धारण करते आणि २०२४ पासून त्यांचा जन्मजिल्हाही अहिल्यानगर म्हणून ओळखला जातो. मात्र चौंडी परिसरातील एखादी मुलगी जामखेडला पदवीचे पहिले वर्ष उत्तीर्ण झाली, विवाहानंतर बार्शीस गेली आणि तेथे दुसऱ्या वर्षाला प्रवेश मागू लागली, तर ती जणू परमुलुखातून आलेली ठरते. कारण अहिल्यानगर जिल्हा सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या कक्षेत येतो आणि बार्शी सोलापूर विद्यापीठाच्या.

मग कागदांची वारी सुरू होते. महाविद्यालय सोडल्याचा दाखला, गुणपत्रके, मूळ विद्यापीठाचे स्थलांतर प्रमाणपत्र, नव्या विद्यापीठाची पात्रता. त्यानंतर खरा प्रश्न उभा राहतो : झालेले विषय येथील अभ्यासक्रमाशी जुळतात काय? न जुळल्यास वर्ष पुन्हा करावे लागण्याची धास्ती असते. सधन घरातील मुलगा हे वर्ष सोसू शकतो. पाथर्डी-जामखेडच्या ऊसतोड कुटुंबातील मुलगा किंवा नुकतीच सासरी गेलेली मुलगी यांचे शिक्षण मात्र अशा वेळी बहुधा तेथेच थांबते.

कायद्याने हे दार आता उघडले आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० साली आले आणि २०२१ साली श्रेयांकांची बँक सुरू झाली. विद्यार्थ्याने मिळविलेले श्रेयांक त्याच्या नावे जमा राहतात आणि कमाल सात वर्षे ग्राह्य धरले जातात. विद्या ही संस्थेची नव्हे, विद्यार्थ्याची मिळकत आहे, हे भारतीय सूत्रच यातून शासनमान्य झाले. राजगृहाचा जीवक वैद्यकशास्त्र शिकण्यासाठी थेट तक्षशिलेस गेला होता, असे बौद्ध परंपरा सांगते. ज्ञानाला राज्यांच्या सीमा नव्हत्या; जिल्ह्यांच्या तर नव्हत्याच.

अशा मोकळीकीने पदवीचा दर्जा ढासळेल, ही विद्यापीठांची शंका अनाठायी म्हणता येणार नाही. पण नियमांनी त्याचाही विचार केला आहे. पदवी देणाऱ्या संस्थेत किमान निम्मे श्रेयांक मिळवावेच लागतात. म्हणजे पहिल्या वर्षानंतर येणाऱ्या विद्यार्थ्याला नाकारण्यास दर्जाचे कारण पुरेसे नाही. उणीव आहे ती अंमलबजावणीची. बँकेत जमा असलेले नाणे शेजारच्या पेठेत चालत नसेल, तर त्या बँकेचा उपयोग काय?

उपाय अवघड नाहीत. शेजारील विद्यापीठांनी समकक्ष विषयांची यादी प्रवेशापूर्वीच प्रसिद्ध करावी. दुसऱ्या व तिसऱ्या वर्षाच्या रिक्त जागा जाहीर कराव्यात. प्रमाणपत्रांना ठरावीक मुदत असावी. मुदत उलटल्यास तात्पुरता प्रवेश द्यावा. कार्यालयीन विलंबाचा दंड विद्यार्थ्याने का भरावा?

अहिल्यादेवींनी घाट आणि धर्मशाळा केवळ आपल्या राज्यात बांधल्या नाहीत. काशी, गया, सोमनाथ ही क्षेत्रे त्यांच्या दौलतीबाहेरची होती, तरीही त्यांच्या दृष्टीने राष्ट्र एकच होते. त्यांचे नाव मिरविणाऱ्या विद्यापीठाने आणि त्यांच्या जन्मजिल्ह्यातील महाविद्यालयांनी हा वारसा नामफलकापुरता ठेवू नये. चौंडीच्या लेकीसाठी बार्शीची वाट निर्वेध होईल, तेव्हाच तो नामविस्तार सार्थ म्हणता येईल.